बॅजला धूळ दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत किरणोत्सर्गावर एक लेख आला होता. लेख चांगला होता, लोकांच्या मनातली भीती कमी करावी हा लेखकाचा हेतूही चांगला होता. पण त्यातल्या एका परिच्छेदाने माझी झोप उडवली. अमेरिकेत अणुपाणबुड्यांच्या दुरुस्तीवर काम केलेल्या गोदी कामगारांची मोठी पाहणी झाली, तीत किरणांचा डोस मिळालेल्या कामगारांमध्ये मृत्यूचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी निघालं, म्हणजे थोडाफार किरणोत्सर्ग प्रकृतीला मानवतो, असं त्यात म्हटलं होतं.

मुंबईतल्या एका जहाजबांधणी गोदीत मी ३३ वर्षं रेडिओग्राफर होतो. १९८१ ला लागलो, २०१४ ला निवृत्त झालो. जहाजाच्या पत्र्यांना आणि पाइपांना जे वेल्डिंगचे जोड असतात, ते आतून पोकळ राहिलेत का, तडा आहे का, हे एक्स-रेसारखी फिल्म काढून बघायचं, हे माझं काम. त्यासाठी इरिडियम-१९२ चा सोर्स, म्हणजे सतत किरण सोडणारा तुकडा, वापरतात. हरभऱ्याहून लहान गोळी, पण ती ठेवायचा ‘कॅमेरा’ उचलताना कंबर वाकते, कारण किरण अडवायला भोवती तेवढी जड धातूची भिंत लागते. हे काम बहुतेक रात्री चालतं. यार्ड रिकामं झालं की आम्ही दोरी बांधायचो, लाल दिवा लावायचो, किरण मोजायचं सर्व्हे मीटर घेऊन एक फेरी मारायचो आणि मग लांब उभं राहून हँडल फिरवून गोळी केबलने जोडापर्यंत न्यायचो. छातीवर बॅज. मुदत भरली की तो बॅज मोजायला जायचा आणि किती मिलिसिव्हर्ट (हे डोसचं माप) डोस मिळाला त्याचा आकडा यायचा. ३३ वर्षांचे ते आकडे माझ्याकडे आहेत. बेरीज ४१ होते.

म्हणून हा विषय माझ्या घरचा आहे. माझी मुलगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. लेख वाचल्यावर मी तिला म्हटलं, ती पाहणी मला मिळवून दे. तिने सगळे कागद छापून आणले, आणि तीन रविवार जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही ते वाचले. त्यात काय आहे ते आपल्या वाचकांना कळावं, एवढ्यासाठी हे लांबलचक पत्र.

गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या मेन राज्यात. तिथे किटरी गावाला लागून, पिस्काटाक्वा नदीतल्या बेटावर पोर्ट्‌समथची नौदल गोदी आहे. तिथे अणुपाणबुड्या दुरुस्त होत आणि त्यांत इंधन भरलं जाई. बोस्टनच्या एका सरकारी रुग्णालयात थॉमस नाजारियन नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे या गोदीत वेल्डर असलेला एक रुग्ण आला. त्याच्याशी बोलताना त्यांच्या कानावर आलं की तिथले बरोबरचे लोक लवकर जातायत. नाजारियन यांनी ते मनावर घेतलं. ‘बोस्टन ग्लोब’ या वर्तमानपत्राची त्यांना मदत झाली. तीन राज्यांतले १९५९ ते १९७७ चे मृत्युदाखले चाळून या गोदीच्या माजी कामगारांचे १,७२२ मृत्यू निघाले. त्यांतल्या ५९२ जणांच्या घरच्यांशी संपर्क झाला आणि प्रत्येकाला विचारलं, तुमचा माणूस किरणोत्सर्गाच्या कामावर होता का? असे १४६ कामगार सापडले. त्यांत रक्ताच्या कॅन्सरचे मृत्यू सरासरीच्या हिशेबाने एखादाच व्हायला हवा होता, झाले होते सहा. १९७८ मध्ये थिओडोर कोल्टन या संख्याशास्त्रज्ञांबरोबर नाजारियन यांनी हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं आणि अमेरिकेत खळबळ उडाली.

मग सरकारी पाहणी झाली. त्याच गोदीतल्या २४,५४५ पुरुष कामगारांची. तिचा निकाल १९८१ मध्ये आला: किरणांच्या कामावर असलेल्यांत रक्ताचा कॅन्सर जास्त दिसत नाही. मग आधीचं खोटं होतं का? मुलीने मला इथे थांबवलं आणि पुढचा कागद हातात दिला. नौदलाच्या डोसच्या नोंदी हातात आल्यावर आधीची यादी त्यांच्याशी ताडून बघितली गेली. ज्यांच्या घरी कॅन्सरने मृत्यू झाला होता, त्या घरांतून ‘हो, तो अणूच्या कामावर होता’ असं उत्तर जास्त मिळालं होतं. यात कोणी खोटं बोललं नव्हतं. घरातलं माणूस अशा दुखण्याने गेलं की बायकामुलं कारण शोधत मागे मागे जातात, नको त्या गोष्टी आठवतात. जिचा नवरा हार्टॲटॅकने गेला ती बाई बॅजचा विचार कशाला करेल? १९८५ च्या या तपासणीत कोल्टन स्वतः होते. स्वतःच्याच पाहणीतली चूक शोधायला बसलेला हा माणूस मला फार मोठा वाटला.

आता आपल्या लेखातली पाहणी. ती या सगळ्या गोंधळातून उभी राहिली. १९८० मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे काम सोपवलं, जेनेव्हिव्ह मॅटानोस्की या प्रमुख होत्या. अणुजहाजांवर काम करणाऱ्या आठ गोद्या घेतल्या, सहा नौदलाच्या आणि दोन खासगी. नोंदी होत्या सुमारे सात लाख कामगारांच्या. त्यांतून सत्तर हजारांवर माणसं निवडून तीन गट केले. पहिला, ज्यांना एकूण ५ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून जास्त डोस मिळाला. दुसरा, बॅज होता पण डोस ५ च्या खाली. तिसरा, त्याच गोद्यांतले पण किरणांच्या कामावर कधीच नसलेले. १९९१ मध्ये अहवाल आला.

हा डोस येतो कुठून, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं अणुभट्टी फुटली तरच किरण. पाणबुडीच्या भट्टीत पाणी फिरतं. झडपांसारख्या झिजणाऱ्या भागांना कोबाल्टचा कठीण मिश्रधातू लावलेला असतो. त्याचे कण झिजून पाण्यात जातात, भट्टीत शिरून कोबाल्ट-६० होतात आणि पाइपांच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. भट्टी बंद केली तरी ते तिथेच. त्याची ताकद निम्मी व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. दुरुस्तीला फिटर, वेल्डर, लॅगिंगवाला (उष्णता अडवायला पाइपांवर जे गुंडाळतात ते लॅगिंग) त्या पाइपाशी छाती टेकून काम करतो आणि गॅमा किरण घेतो. रोज थोडे थोडे.

निकाल असा. देशातल्या त्याच वयाच्या पुरुषांत जिथे १०० मृत्यू अपेक्षित होते, तिथे पहिल्या गटात ७६ झाले. हाच तो २४ टक्क्यांचा आकडा, आणि तो खरा आहे. लेखकाने तो चुकीचा दिला नाही. पण शेजारच्या ओळी दिल्या नाहीत. दुसऱ्या गटात, म्हणजे ज्यांना किरण जवळजवळ मिळालेच नाहीत त्यांच्यात, ८१ झाले. बॅज नसलेल्यांत १००.

किरण हे औषध असेल तर ज्याने ते चाखलंच नाही तो बरा कसा झाला? १०० वरून ८१ ही मोठी उडी डोस नसतानाच पडलेली आहे. ती कशाने पडली ते आमच्या यार्डातला कोणीही सांगेल. बॅज मिळण्याआधी मेडिकल होतं. छातीचा फोटो, डोळे, रक्तातल्या पेशींची मोजणी. माझ्याबरोबर परीक्षा पास झालेला एक मुलगा, माझ्यापेक्षा हुशार, रक्ताच्या तपासणीत अडकला. त्याला बॅज मिळाला नाही, तो प्लेट शॉपला गेला. आमची पाहणी कोणी केली असती तर मी ‘किरणवाल्यांत’ आणि तो ‘बिनकिरणवाल्यांत’ धरला गेला असता. त्याची तब्येत किरण न मिळाल्यामुळे बिघडलेली नव्हती. ती आधीच नाजूक होती, म्हणून तर त्याला किरणांपासून लांब ठेवलं. नंतरही दरवर्षी तपासणी, जरा काही दिसलं की काम बदल. जो धडधाकट तो वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याच्याच खात्यात डोस साठत जातो. आता अशा माणसांच्या रांगा लावून म्हणायचं, बघा, जास्त डोसवाले जास्त जगले!

पुढे २००८ मध्ये मॅटानोस्की यांनीच बॅजवाल्यांची बॅजवाल्यांशी तुलना केली, कमी डोस विरुद्ध जास्त डोस. ही तुलना जास्त न्यायाची, कारण दोघंही त्याच मेडिकलमधून आलेले. तिथे रक्ताचे आणि फुप्फुसाचे कॅन्सर डोसबरोबर वर सरकताना दिसतात. मुलगी लगेच म्हणाली, बाबा, हे आकडे लहान आहेत, योगायोगही असू शकेल, यावरून छातीठोक काही सांगू नका. बरं, सांगत नाही. पण वर सरकलेले आकडे दाखवून कोणी ‘प्रकृतीला मानवतो’ म्हणू नये एवढं तरी खरं ना? २०२३ मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ३,०९,९३२ अणुकामगारांची एकत्र पाहणी छापून आली, त्यांत पोर्ट्‌समथचे कामगारही आहेत. रक्ताचे कॅन्सर सोडून बाकीच्या कॅन्सरने मरण्याचा धोका एका ग्रे डोसला ५२ टक्के वाढतो असं त्यात निघालं. घाबरायचं कारण नाही. ग्रे हेही डोसचंच माप, एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे. गॅमा किरणांत मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट सारखेच धरले तर माझ्या ४१ ला हा वाढीव धोका मूळ धोक्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास येतो. मी तो जाणून घेतला आणि शांत आहे. धोका लहान आहे असं सांगा, आम्ही ऐकू. धोका नाहीच, उलट फायदा आहे, असं मात्र सांगू नका. उद्या एखादा नवा पोरगा ते वाचून बॅज लॉकरमध्ये ठेवून कामाला जाईल. तसं करणारे मी पाहिलेत.

पण मला लिहायला बसवलं ते यानेही नाही. त्याच अहवालात आणखी एक ओळ आहे आणि ती सगळ्या भांडणात बाजूला पडली. मेसोथेलिओमा नावाचा, फुप्फुसाभोवतीच्या पडद्याचा कॅन्सर. त्याचे मृत्यू पहिल्या गटात अपेक्षेच्या पाचपट, दुसऱ्या गटात पाचपटीहून जास्त, बॅज नसलेल्यांतही जवळजवळ अडीचपट. हा रोग किरणांच्या हिशेबात बसत नाही. गोदीत तो होतो ॲस्बेस्टॉसने. फुप्फुसाचा कॅन्सरही तिन्ही गटांत सरासरीहून थोडा जास्तच होता. एरवी नोकरदार माणूस देशाच्या सरासरीपेक्षा निरोगी निघतो, गोदीतले बिनबॅजवाले मात्र सरासरीवरच अडकलेले. अब्जावधींच्या पाणबुड्या, अणूची एवढी धास्ती, एवढे डोसचे हिशेब, आणि माणसांच्या छातीत शिरत होती ती पाइपावरच्या गुंडाळ्यांची पांढरी धूळ.

ती धूळ मी जवळून पाहिलीय. जुनं जहाज दुरुस्तीला आलं की इंजिनरूममधल्या वाफेच्या पाइपांवर लॅगिंग असायचं. वर कापड, त्यावर रंगाचे थरावर थर, आत ॲस्बेस्टॉस. जोडाचा फोटो काढायचा तर जोड उघडा हवा. माझा हेल्पर चिपळूणकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. ठेकेदाराचा माणूस. तो हॅकसॉच्या तुटक्या पात्याला चिंधी गुंडाळून मूठ करायचा आणि त्या पात्याने लॅगिंगला उभा चीर द्यायचा. मग दोन्ही हातांनी फाडायचा, केळीचं सोपट सोलतात तसं. मी टॉर्च धरायचो. टॉर्चच्या झोतात कण तरंगायचे, खाली बसायचेच नाहीत, आणि त्यातून त्याचा चेहरा धुक्यातल्यासारखा दिसायचा. तोंडाला रुमाल, तोही घाम पुसायला सोडलेला. जोड मोकळा झाला की मी त्याला म्हणायचो, आता दोरीच्या बाहेर जा, सोर्स काढतोय. किरणांपासून मी त्याला काटेकोर लांब ठेवलं. कधी एका मिनिटाचीही चूक केली नाही. धुळीत मात्र त्याला मीच उभा करत होतो आणि मला ते ठाऊक नव्हतं.

त्या धुळीने माझ्या बॅजचा आकडा जराही वाढायचा नाही. बॅजला धूळ दिसत नाही.

काम सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याच्या छातीत पाणी झालं. काढलं, पुन्हा झालं. आधी टीबीची औषधं दिली. ज्या रुग्णालयात तो होता तिथे मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा केसपेपरवर विडीबद्दल लिहिलेलं होतं. कामाची जागा रिकामी होती. मी डॉक्टरांना म्हटलं, हा पंधरा वर्षं जहाजांत लॅगिंग फाडत होता. त्यांनी ऐकून घेतलं, पण आजार तोवर खूप पुढे गेला होता. तो त्या पावसाळ्यात गेला. त्याला नेमकं ॲस्बेस्टॉसनेच नेलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तुकडा काढून तपासणी झाली नव्हती. पण ॲस्बेस्टॉसचा रोग अंगात शिरल्यापासून बाहेर यायला वीस-तीस-चाळीस वर्षं घेतो, हे आता मला माहीत आहे, आणि त्याचा हिशेब जुळतो.

त्याची बायको कागद मागायला माझ्याकडे आली. कुठे अर्ज करायचा तर हा माणूस गोदीत होता याचा पुरावा हवा. ठेकेदार केव्हाच धंदा बंद करून गेलेला. मस्टर कुणाकडे नाही. वहिनींकडे एकच वस्तू होती, प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक गेटपास, त्यावरचा फोटो पिवळा पडलेला, नावात वडिलांचं नाव चुकलेलं आणि तारीख पुसलेली. माझ्या ३३ वर्षांच्या प्रत्येक तिमाहीचा आकडा सरकारकडे जपून ठेवलेला आहे. त्याच्या पंधरा वर्षांचा एवढाच तुकडा.

ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोवर ठेवाव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा आदेश आहे. ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हा कायद्याने कळवायलाच हवा असा रोग आहे. पण जहाजाच्या पोटात ठेक्यावर लॅगिंग फाडणारा माणूस ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कामाला असतो का? नसतो. तो कागदावर ‘हेल्पर’ असतो, पुष्कळदा तेवढाही नसतो. पोर्ट्‌समथच्या कामगारांवर चाळीस वर्षं वाद चालू शकला, चुका सापडल्या, दुरुस्त झाल्या, कारण तिथे नावं होती, मृत्युदाखले होते आणि ते एकमेकांना जोडता येत होते. फुप्फुसाच्या कॅन्सरवर तिथे वेगळा अभ्यास झाला, तेव्हा ॲस्बेस्टॉस आणि वेल्डिंगचा धूर हिशेबात धरल्याबरोबर किरणांवर आलेला आरोप बराच हलका झाला. कोणी कुठल्या खात्यात काय काम केलं हे लिहिलेलं होतं म्हणून ते कळलं. आमच्याकडे उद्या कोणी अभ्यास करायचा म्हटला तर फक्त माझ्यासारखे बॅजवाले सापडतील. त्यांचं आयुष्य चांगलं लांब निघेल. आणि मग आणखी एक लेख येईल.

आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. त्या लेखातल्या परिच्छेदाखाली, ७६ च्या शेजारी ८१ आणि १०० हे आकडे आणि मेसोथेलिओमाचे आकडे छापावेत. दुसरं, आपले वार्ताहर राज्याच्या कामगार खात्याला विचारू शकतात ते मी विचारून उत्तर मिळत नाही: मुंबईच्या गोद्यांत आणि दारूखाना भागात जहाजं तोडण्यावर ठेक्याने राबलेल्या लोकांची यादी कुठे आहे का, आणि नसेल तर जे हयात आहेत त्यांच्याकडून ती आजच लिहून घेता येईल का. पोर्ट्‌समथलाही सुरुवात एका डॉक्टरने आणि एका वर्तमानपत्राने केली होती.

माझ्यापुरतं मी काम सुरू केलंय. रात्रपाळीची डायरी ठेवायची मला सवय होती, त्यात त्या दिवशीचा हेल्पर कोण ते लिहिलेलं असायचं. त्यावरून लॅगिंग काढणाऱ्यांची १९ नावं वहीत उतरवली. सात जण गेलेत. नऊ जणांचे पत्ते मिळाले, त्यांतल्या पाच जणांना मी भेटलो आणि कोणत्या जहाजावर किती महिने, मास्क होता की नव्हता, आता दम लागतो का, हे त्यांच्याच तोंडून लिहून घेऊन खाली सही किंवा अंगठा घेतला. तिघांचा पत्ता लागत नाही. एक गुहागरकडचा होता, डाव्या हाताची करंगळी नसलेला, त्याला सगळे ‘मास्तर’ म्हणायचे. दुसरा शिवडीला चाळीत राहायचा, चाळ पडल्यावर कुठे गेला कळलं नाही. तिसरा कोल्हापूरचा, कुस्ती खेळलेला. आपल्या वाचकांपैकी कुणाला यांच्यातलं कुणी ठाऊक असेल तर आपल्या कार्यालयात कळवावं, मी येऊन निरोप घेईन. आणि ज्यांच्या घरात गोदीतला जुना गेटपास, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड पडलेलं असेल त्यांनी ते रद्दीत देऊ नये.

आपला,
एक निवृत्त रेडिओग्राफर
लालबाग, मुंबई